माझ्या नावाची माफी

"खाली ठेवा, ताई. मी उचलते."

संगीता हळू आवाजात म्हणाली. अगदी आदरानं, अहोजाहो करून. माझ्या दोन्ही हातांत दगडगोट्यांनी भरलेलं घमेलं होतं. ते मी तिच्यापुढं धरलं होतं आणि तिनं हात पदराखाली घेतले होते. माझ्या मागं, नाल्याच्या तळात, आमच्या वस्तीतली माणसं ओळीनं उभी होती. तिच्या मागं, काठावर, गावातली माणसं ओळीनं उभी होती. खालून दुसरं घमेलं आलं. का थांबून राहिल्या म्हणून कोणीतरी विचारलं. मी वाकले. घमेलं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकले. मग ती पुढं आली, वाकली, घमेलं उचललं आणि तिच्या मागच्या बाईच्या हातात दिलं. त्या बाईनं तिच्या मागच्या बाईच्या हातात. असं हातोहात ते बांधापर्यंत गेलं.

याला श्रमदान म्हणतात. एकानं भरायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, पुढच्याला द्यायचं, कोणी जागचं हलायचं नाही. साखळी धरली की काम झपाट्यानं होतं आणि माणूस दमत नाही. गाव एक झालं की काय होतं, हे पाहुण्यांना दाखवायला हीच साखळी दाखवतात. आमच्या साखळीत एक जागा रिकामी होती, माझ्या आणि संगीताच्या मधली. लांबून कळायची नाही. जवळून सुद्धा, ज्याला पाहायचं नव्हतं त्याला कळायची नाही.

मी गावची आशाताई आहे, आरोग्य खात्याची. कंधारच्या अलीकडं आमचं गाव. गावातली गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं लेकरू, सगळं माझ्याकडं. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला. पण कामासाठी मी साऱ्या गावात फिरते. कुठल्या घरात कुठपर्यंत जायचं हे मला कधी कोणी सांगितलेलं नाही आणि मला ते बरोबर माहीत आहे. कुठं ओसरीवर टेकायचं, कुठं उंबऱ्याशी उभं राहायचं, कुठं लेकरू बाहेर आणून देतात. इतकी वर्षं झाली, पाय आपोआप तिथं थांबतात.

संगीताच्या बाळंतपणाला मीच तिला गाडीत घालून कंधारला नेलं होतं. रस्त्याला खड्डे, कळा वाढलेल्या, सासू पुढं ड्रायव्हरशेजारी बसून देवाचं नाव घेत होती. मागं संगीता आणि मी. तिनं माझा हात धरला होता आणि "ताई, हात सोडू नका" एवढंच म्हणत राहिली होती. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मुलगी झाली तेव्हा सासूला चक्कर आलेली, म्हणून नर्सबाईनं लेकरू आधी माझ्याकडं दिलं. त्या पोरीला घरच्या माणसांच्या आधी छातीशी धरलं ते मी. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही.

तर तीच ही संगीता. तिच्या मागं तिची सासू उभी होती. सारं गाव त्यांना आक्का म्हणतं. सुनेचे हात कुठं आहेत, यावर आक्कांची बारीक नजर होती. हे मला दिसत होतं. तरी संगीताचा राग आला. फार आला. पण त्याहून जास्त राग मला माझ्या कमरेचा आला. मी काही ठरवायच्या आत ती वाकली होती.

आता नाल्याचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यापायी झालं.

आमचा नाला माळावरून निघतो आणि खाली मन्याड नदीला मिळतो. मी लग्न होऊन आले तेव्हा वस्तीच्या खाली पाणथळ होती. शिंदीची झाडं, लव्हाळी, पायाखाली कायम ओल. होळीपर्यंत तिथं पाय रुतायचा. बगळे असायचे, टिटव्या ओरडायच्या. त्या पाणथळीच्या कडेला आमचा आड. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, त्यांनी तरुणपणी वस्तीतल्या माणसांना घेऊन तो खोदला. गावच्या विहिरीवर त्यांच्या आईला लांब उभं राहावं लागायचं. कोणी दया येऊन वरून ओतलं तर पाणी, नाही तर रिकामी घागर. मामांनी ते लहानपणी पाहिलं होतं. म्हणून हा आड. त्याचं पाणी गोड होतं. मामा अजून म्हणतात, कुणाच्या बापाला इचारायचं काम न्हाई, आपला आड हाय.

मग नाला मेला. एकदम मेला नाही. वरच्या अंगाला ज्यांची शेतं, त्यांनी दरसाल थोडा थोडा नांगरून आपल्यात घेतला. वाळू गेली. जिकडंतिकडं बोअर पडले. शिंदी तुटल्या. पाणथळीचं डबकं झालं, डबक्याची भेगाळलेली जमीन झाली आणि मग गावानं तिथं कचरा टाकायला सुरुवात केली. आडाचं पाणी खाली खाली गेलं. संक्रांतीनंतर गढूळ, शिमग्यानंतर नुसता चिखल. नळाचे पाईप वस्तीपर्यंत आलेत, पाणी आलेलं नाही. टँकर येतो तो आधी गावात. उरलं तर आमच्याकडं.

तशात गुरुजी वस्तीत आले. शाळेतून रिटायर झालेले, पांढऱ्या शर्टाचे, गावात मान असलेले. नाला पुन्हा जिवंत करायचा म्हणून त्यांनी समिती केली होती आणि लातूरची एक संस्था मशीन देणार होती. समाजमंदिरात सतरंजी टाकली. गुरुजी आमच्याबरोबर सतरंजीवर बसले. छान बोलले. नाला एकाचा नसतो म्हणाले, पाण्याला जात नसते म्हणाले. मी चहा केला होता. त्यांनी कप हातात घेतला, बोलता बोलता बाजूला ठेवला आणि तो तसाच राहिला. चहावर साय धरली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, शुगर असेल त्यांना.

संस्थेच्या साहेबांनी काम समजावून सांगितलं. माथ्यापासून सुरू करायचं आणि पायथ्याला संपवायचं. वर माळावर दगडी बांध, म्हणजे वाहून येणारी माती तिथंच अडेल. मधे नाल्यातला गाळ काढून तो खोल करायचा. आणि सगळ्यात शेवटी, वस्तीच्या खाली, पाणथळीच्या तोंडाशी एक बांध. तो झाला की पाणी थांबणार, मुरणार, आडाला पाझर फुटणार. शास्त्रच तसं आहे, वरून खाली. आम्ही कायम खाली, म्हणून आमचं काम शेवटी. पण मला कुठंतरी खुटखुटलं. ज्यांची शेतं माथ्यावर, त्यांचं काम आधी आणि आमच्या हातांनी होणार होतं, कारण माळावर मशीन चढत नव्हतं. आमचं काम नंतर मशीननं होणार होतं. मामांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, आडाला पाणी येतंय म्हणतेत ना, मग चार दिवस राबायला काय जातंय. वस्तीतलं एक घर मागं राहिलं नाही. म्हाताऱ्या सुद्धा आल्या.

पहिल्या दिवशी गुरुजींनीच ओळी लावल्या. वस्ती तळात, गाव काठावर. जात हा शब्द कोणी काढला नाही. तुम्हाला खोदायची सवय आहे, तुम्ही खाली राहा, असं ते म्हणाले. आणि दोन ओळींच्या सांध्यावर मला उभं केलं. "आशाताई, तुमी हितं ऱ्हावा. तुमी साफसूफ असता." हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. बाया हसल्या, मी पण हसले. पलीकडच्या बाजूला संगीता, कारण तिथं उभं राहायला दुसरी कोणी तयार नव्हती आणि ती घरात सगळ्यात धाकटी होती.

मग ते रोजचंच झालं. वाकायचं, ठेवायचं, सरकायचं. ती पुढं यायची, उचलायची. ठेवून ठेवून तिथली जमीन घमेल्याच्या बुडाएवढी दबली. चहाला गावासाठी स्टीलचे पेले आणि आम्हाला कागदाचे कप. कागदाचे कप जास्त स्वच्छ असतात, असं गुरुजींनी आम्हाला समजावलं. मग स्वच्छ कप आक्कांना का नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी कप चुरगाळून कमरेला खोचला. रिकामी घमेली परत यायची ती काठावरून खाली भिरकावून. एक घमेलं आमच्यातल्या एका म्हातारीच्या पायावर पडलं. वरून कोणीतरी विचारलं, लागलं का. लागलं होतं. पाय चिंधीनं बांधून ती परत ओळीत उभी राहिली.

आमच्या लोकांना दिसत नव्हतं का? सगळ्यांना दिसत होतं. दुपारी भाकरी खाताना कोणीतरी म्हणायचं, आपल्या घमेल्यातली माती लई गरम असतंय, त्यांना चटके बसतेत. मग सगळे हसायचे. असं हसत हसत आम्ही पुष्कळ काही गिळलेलं आहे. शिकलेली पोरं कामाला पुण्याकडं गेली, वस्तीत उरलो आम्ही आणि म्हातारी माणसं. माझी मुलगी लातूरला नर्सिंग शिकते. तिला फोनवर मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं एकच विचारलं असतं, मम्मी, आणि तू ठेवतेस?

माळावरचा बांध होत आला तेव्हा पाहुणे येणार असं कळलं. लातूरहून संस्थेचे मोठे साहेब, तालुक्याचे अधिकारी, आणि मोबाईलवर बातम्या दाखवणारे दोघं कॅमेरा घेऊन. सकाळी रांगोळ्या काढल्या. सगळ्यांना एकसारख्या टोप्या वाटल्या. आणि हातमोजे. पिवळे, रबरी. हाताला फोड येऊन फुटले तेव्हा हातमोजे आले नव्हते, ते त्या दिवशी आले.

गाड्या दिसायच्या जरा आधी गुरुजी सांध्यावर आले. इकडंतिकडं पाहिलं. मग संगीताला आणि मला, घरातल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले,

"आज खाली ठिवायचं न्हाई. आज हातात द्यायचं. कॅमेरा हाय."

एवढं बोलून ते गाड्यांकडं गेले.

त्या वाक्यानं मला काय झालं हे नीट सांगता येत नाही. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. जुनी माणसं आहेत. सवय आहे. मुद्दाम कोण करतं, त्यांच्या लक्षात पण येत नसेल. आणि आता कळलं की त्यांच्या सगळं लक्षात होतं. प्रत्येक घमेल्याला होतं. हे कोणाला दिसू नये, हे सुद्धा लक्षात होतं. एका शब्दात बंद करण्यासारखी ती गोष्ट होती, आणि तो शब्द त्यांनी आमच्यासाठी काढला नाही, कॅमेऱ्यासाठी काढला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

पाहुणे आले. हार झाले, टाळ्या झाल्या. कॅमेरेवाला नेमका सांध्यापाशी येऊन उभा राहिला, कारण तिथून दोन्ही ओळी एकदम दिसत होत्या. खालून घमेलं आलं. मी धरलं. संगीतानं हात पुढं केले. पिवळे हातमोजे घातलेले दोन हात. तिच्या मागं आक्का हसऱ्या तोंडानं कॅमेऱ्याकडं बघत होत्या.

मी वाकले. घमेलं जमिनीवर ठेवलं, रोजच्या जागी. आणि मागं सरकून उभी राहिले.

कॅमेरेवाला म्हणाला, ताई, हातात द्या ना, परत एकदा घेऊ. मी हलले नाही. माझ्या मागं घमेली तुंबली. तालुक्याचे साहेब जवळ आले आणि चांगल्या आवाजात विचारलं, खाली का ठेवलं?

"हितं रोज असंच असतंय, साहेब. माझ्या हातातलं घेत न्हाईत. आज कॅमेरा हाय म्हणून हात पुढं आलाय."

वरच्या आणि खालच्या दोन्ही ओळींना ऐकू गेलं.

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मग गुरुजी हसले, जरा गैरसमज आहे म्हणाले, चला वरचा बांध बघू म्हणाले. आणि सगळे वर गेले, साहेब सुद्धा. जाताना त्यांनी मला हात जोडले. त्या हात जोडण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मोबाईलवर बातमी आली त्यात फक्त माळावरचा बांध होता आणि गुरुजींचं भाषण होतं.

संगीतानं ते घमेलं उचललं नाही. आमची माणसं एकेक करून तळातून वर आली आणि वस्तीकडं चालू लागली. कोणीतरी पाठीवर हात ठेवेल असं मला वाटलं होतं. कोणी ठेवला नाही. तरी मला हलकं वाटत होतं. खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं. वस्तीत पोचेपर्यंत ते टिकलं.

पुढं जे झालं ते कोणी ठरवून केलं, असं मी सिद्ध करू शकत नाही. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही. मशीन आलं आणि वरून गाळ काढत काढत खाली येऊ लागलं. काळा कसदार गाळ ट्रॅक्टर भरभरून वरच्या शेतांत गेला. मुरूम कोणालाच नको होता, त्याचे ढीग वस्तीच्या वरच्या बाजूला नाल्यातच घातले. तुमच्या बांधाला लागेल म्हणाले. आणि जिथं गुरुजींच्या भावकीची शेतं संपतात तिथं मशीन थांबलं. डिझेल संपलं. मग ड्रायव्हर गावी गेला. मग मशीन दुसऱ्या गावाला नेलं. पाऊस तोंडावर आलाय, आता पुढल्या साली, असा निरोप आला.

पाऊस झाला आणि वर नाला भरला. मी बघायला गेले होते. खोटं कशाला सांगू, डोळे निवले. एवढं पाणी मी त्या नाल्यात कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडून गेलेले बगळे तिथं बसले होते. आम्ही वाहिलेल्या दगडांच्या बांधामागं पाणी थोपलं होतं. गावानं जलपूजन केलं, बायांनी पाण्याची ओटी भरली. आम्हाला बोलावणं होतं, जेवायला, मागाहून. वस्तीतली काही माणसं गेली. मी गेले नाही.

त्यानंतर जोराचा पाऊस लागला आणि भरलेल्या नाल्याचं पाणी बांधांवरून सुटलं. ते मुरमाचे ढीग घेऊन खाली आलं. पाणथळीच्या तोंडाशी अडवायला बांध नव्हता. सगळा चिखलाचा राडा आमच्या आडात शिरला. सकाळी गेलो तर नुसता कठडा दिसत होता आणि कठड्यापर्यंत लाल चिखल. मामा कठड्यावर हात ठेवून उभे होते. ते मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बाकीचे म्हणाले. तुझ्या तोंडापायी आड गेला. एका घमेल्यासाठी. इतके दिवस खाली ठेवलं, एक दिवस हातात दिलं असतं तर तुझं काय झडलं असतं. जाऊबाईनं माझ्याशी बोलणं टाकलं. नवरा नांदेडला टेम्पो चालवतो, तो फोनवर म्हणाला, बराबर केलंस, पर आता गप ऱ्हा. मी गप्प राहिले. लांबच्या बोअरवर पाण्याला जाताना बाया माझ्या पुढं चालायच्या, नाही तर मागं. गावात काही घरांनी मला सांगितलं, लेकराचा डोस आम्ही कंधारला जाऊन देऊ. मलाही वाटायचं की वस्तीचं बरोबर असेल. आड तर गेलाच ना. माझ्या इज्जतीनं कोणाचा हंडा भरला?

लसीच्या दिवशी संगीता अंगणवाडीत आली. एकटीच, लेकीला घेऊन. लेकरू माझ्याकडं देताना तिचे हात माझ्या हातांना लागले आणि तिनं ते झटकन काढून घेतले नाहीत. नर्सबाईनं सुई टोचली. मग पोरीला खांद्यावर घेऊन, भिंतीकडं बघत म्हणाली,

"मी हात पुढं केलता, ताई."

"कॅमेऱ्यासाठी केलता."

"कॅमेऱ्यासाठी का व्हईना. मला तेवढंच करता येत व्हतं."

ती गेली. तिचं खरं असेल. त्या घरात तिला विचारतं कोण? पण तिला करता येत नाही म्हणून मी वाकायचं, हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. तरी तिचा राग करणं मला पहिल्यासारखं जमेना. त्यामुळं उलट जास्तच एकटं वाटायला लागलं.

हिवाळा सरला आणि गुरुजींचा निरोप आला, मामांना. मशीन परत येतंय. आडातला राडा काढू, पाणथळीचा बांधही घालू. फक्त एक शब्द पाहिजे. तुमच्या सुनेनं पाहुण्यांसमोर गावाची बेइज्जती केली, तिनं चूक झाली म्हणावं, विषय संपला. मामांनी मला विचारलं नाही. धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि गेले. परत आले ते बाजेवर बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले,

"सांगून आलो. सुनेची गलती झाली म्हणलं. तुझ्या नावानं हात जोडले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्या नावाची माफी मागितली गेली होती आणि त्या वेळी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मामांवर काय ओरडणार? कोणापुढं उभं राहावं लागू नये म्हणून या माणसानं आड खोदला होता, आणि त्याच आडासाठी आज तो गुरुजींच्या दारात उभा राहून आला होता. "बसा म्हणले का तुमाला?" एवढंच मी विचारलं. मामांनी टोपी काढली आणि तिची घडी घातली.

मशीन आलेलं आहे. वस्तीच्या वर उभं आहे, अजून सुरू केलेलं नाही. आधी उद्याच्या ग्रामसभेत विषय मिटवायचा, असं गुरुजींनी सांगितलंय. ते उभं राहून बोलणार. आपल्या गावात असलं काही नव्हतं आणि नाही. आशाताईंचा गैरसमज झाला होता, त्यांनी माफी मागितली, गाव एक आहे. मग टाळ्या, मग नारळ, मग मशीन. मी फक्त यायचं आणि गप्प बसायचं.

सकाळपासून वस्तीतल्या बाया घरी येऊन गेल्या. न बोलणारी जाऊ पण आली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "निस्तं बसून ऱ्हा. काय बोलू नको. आडाला पाणी यिऊ दे, बाई." हंडे वाहून तिच्या डोक्यावरचे केस गेलेत, चुंबळीच्या जागेवरचे. मला तिच्याकडं बघवलं नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. ती हो समजून गेली.

आडाला पाणी येईल का? मला नाही तसं वाटत. वर सगळं अडवलंय, खाली येणार काय? शिंदी तर परत उगवत नाहीत. पाणथळ मुरमाखाली गाडली गेली, तिथं लव्हाळ्याची काडी उरलेली नाही. मशीन थोडं खरवडेल, फोटो निघतील आणि ते जाईल. पण हे मला नक्की माहीत नाही. कदाचित पाणी येईलही. त्या कदाचितवर सारी वस्ती बसलेली आहे, आणि मी तोंड उघडलं तर मशीन मागं फिरेल, हे मात्र नक्की आहे. मामा तोंड फिरवतील. जाऊ पुन्हा बोलणं टाकेल, या वेळी जन्माचं. माझं काम राहील का, ते पण सांगता येत नाही.

हे सगळं मी घोळून घोळून पाहिलं. वस्तीसाठी गप्प बसावं, असं मनाला पुष्कळ समजावलं. पण उद्या त्या टाळ्या वाजल्या की असं ठरणार, की ते घडलंच नव्हतं. माझ्या हातातलं कोणी नाकारलं नव्हतं. म्हातारीच्या पायावर काही पडलं नव्हतं. मी खोटारडी, आणि ते मीच कबूल केलं. पुढं कधी वस्तीतली एखादी पोर तोंड उघडायला गेली की तिला सांगतील, मागं एक अशीच बोलली होती, मग माफी मागून मोकळी झाली. माझ्या मुलीला सुद्धा हेच सांगतील. आडातला चिखल कधीतरी उपसता येईल. ही माफी एकदा आत गेली की बाहेर निघत नाही.

मला भीती वाटते. संगीता तिथं बसलेली असेल, आक्कांच्या शेजारी. तिला मी साक्षीला ओढणार नाही. ज्यांनी रोज पाहिलं ते सगळेच तिथं असतील आणि माझ्या बाजूनं एक जण उठणार नाही, हे धरूनच मी जाते आहे. भाषण मला येत नाही. बोलायचं तेवढं ठरवलंय. माफी मी मागितलेली नाही, मागणार नाही, आणि मी बोलले ते खरं होतं. गुरुजी उभे राहिले की टाळ्या वाजायच्या आधी मी उठणार. बस म्हणतील. आमच्याच बाया पदर धरून ओढतील. मामा हात जोडतील, कदाचित माझ्यापुढं सुद्धा. मी बसणार नाही.